शिवनिर्माल्याचा झेंडू

बरखेडा, भोपाळ
भाद्रपद वद्य दशमी

ती. गोपीनाथभाऊजी आणि ती. सौ. मनुताई यांना बाळूचा साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नसल्यामुळे तूर्त तो कागदावरच घातला आहे, गोड मानून घ्यावा.)

आम्ही इथं बरे आहोत. तुम्ही उज्जैनला बरे असाल, भाऊजींचा खोकला पावसाबरोबर गेला असेल आणि मनुताईची कंबर तिच्या स्वभावासारखीच ताठ असेल, असं धरून चालतो. मनुताईचं कार्ड मिळालं. त्यात तिनं तीन गोष्टी विचारल्या आहेत. आईची नागीण बरी झाली का, तिला रात्री झोप लागते का, आणि शेवटी कोपऱ्यात बारीक अक्षरात, 'गणपतीच्या मिरवणुकीत तू कसलं झाड नाचवलंस म्हणे?' पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नागीण गेली, फोड वाळले, खपल्या पडल्या. पण आतली आग काही जात नाही. डाव्या बरगडीवर पातळाचा पदर नुसता टेकला तरी आई डोळे मिटून घेते. तोंडानं हूं की चूं करत नाही, ते तुम्हाला ठाऊकच आहे. बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत इतकी गुंतली आहेत की सगळं पहिल्यापासून सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. मी कारखान्यात तपासणी खात्यात आहे. आमच्याकडे यंत्राचा भाग का मोडला हे सांगायचं तर लोखंड कुठून आलं इथून सुरुवात करावी लागते. आणि या प्रकरणातलं लोखंड, भाऊजी, राग मानू नका, तुमच्याकडून आलं.

शिवरात्रीनंतर तुम्ही दोघं आलात तेव्हा तुमच्या गल्लीतल्या महादेवाचं निर्माल्य केळीच्या पानात बांधून आणलं होतं. आता निर्माल्य हे नदीत सोडायचं असतं, सव्वाशे मैल बसमधून मांडीवर घेऊन सासुरवाडीला आणायचं नसतं. पण जावयाला कोण बोलणार? सुलभानं मला विचारलं, याचं काय करू? मी म्हटलं, आईला विचार. आई म्हणाली, पायदळी येणार नाही अशा जागी मातीत घाल. म्हणून ते मागच्या अंगणात, मोरीचं पाणी जातं तिथं जास्वंदीशेजारी पुरलं. त्यात बेल असणार, धोत्रा असणार, कण्हेर असणार, एवढं मलाही कळत होतं. पण तुमच्या उज्जैनला महादेवाला आणखी एक हिरवा पाला मोठ्या प्रेमानं वाहतात, आणि त्यात बी राहून जातं, हे आम्हा पुण्याकडून बदलीवर आलेल्या माणसांना कोण सांगणार? तुम्ही सांगायला हवं होतं. असो.

गुढीपाडव्याच्या सुमारास तिथून एक कोंब वर आला. पान कातरलेलं, कडेला करवतीसारखे दाते. मी चष्मा लावून पाहिलं आणि सांगितलं, झेंडू आहे. (सुलभा म्हणाली, झेंडूला वास येतो, याला तसा येत नाही. मी म्हटलं, लहान आहे अजून.) आमच्या खात्यात एकदा शेरा मारला की तो मागे घ्यायची पद्धत नाही. आईनं मात्र त्या रोपाला निराळाच दर्जा दिला. शिवनिर्माल्य ओलांडू नये, तेव्हा त्यातून उगवलेलंही ओलांडू नये. तिनं माझ्याकडून भोवती विटांचं कुंपण घालून घेतलं, कपडे वाळत घालायची दोरी हलवली, आणि सुलभा ओल्या चादरी घेऊन जास्वंदीला वळसा घालून जाऊ लागली. रोज तांदळाचं धुवण, सणाला ताकाची निवळी. अशा लाडांनी दुसऱ्या घरात पोरगं बिघडलं असतं. इथं झेंडू बिघडला. मृगानंतर तो माझ्या डोक्याच्या वर गेला आणि तरी फुलाचा पत्ता नाही. मी त्याला खत घातलं, ओरडूनही पाहिलं.

याच सुमारास कारखान्यात माझी पत वाढू लागली. इतकी वर्षं ज्यांचे नग मी नापास करत आलो ते लोक मला पाहून हसू लागले. आमचे फोरमन, जे माझ्याशी कामापुरतंही बोलत नसत, ते एका रविवारी घरी आले, मागच्या अंगणात उभं राहून मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "साब, हम तो आपको एकदम सूखा आदमी समझते थे।" मी म्हटलं, पाणी रोज घालतो. ते पोट धरून हसले. मग रविवारी रविवारी कोणी ना कोणी आईची तब्येत विचारायला येऊ लागलं. हे लोक आईची तब्येत अंगणात जाऊन का विचारतात, याचा मी विचार केला नाही. माणसं चांगली आहेत, उगीच आपण भोपाळला नावं ठेवतो, असं मात्र सुलभाला दोनदा बोलून दाखवलं.

वनमहोत्सवात कॉलनीची बागस्पर्धा असते. परीक्षक दोघेही नुकतेच दक्षिणेकडून बदली होऊन आलेले, भले गृहस्थ. मी झेंडूपुढे पाटी लावली होती: 'झेंडू, उंच जात'. त्यांनी मान वर करून पाहिलं, एकमेकांत काहीतरी बोलले, आणि पर्णशोभेसाठी मला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं, स्टीलचा डबा. (सध्या त्यात शेवया आहेत.) बक्षीस घ्यायला मी उठलो तेव्हा कामगारांच्या बाजूनं जो टाळ्यांचा कडकडाट झाला, ज्या शिट्ट्या झाल्या, तसं कौतुक माझ्या लग्नातही झालं नव्हतं. मी हात जोडून सगळीकडे वळून नमस्कार केला. आता ते आठवलं की मी तो शेवयांचा डबा फडताळात आणखी मागं सारतो.

आता आईकडे येतो. नागीण ज्येष्ठात उठली आणि आषाढात बसली, पण आग राहिली. कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि स्वच्छ सांगितलं की या वयात हे दुखणं रेंगाळतं, गोळ्यांनी थोडंफार बरं वाटेल. थोडंफारही वाटेना. मग श्रावण लागला आणि अचानक आईला झोप येऊ लागली! दुपारीसुद्धा. शेजारच्या विमलकाकू तोंडभर हसत सांगायच्या, "अहो, आज ना, अम्मांनी दो घंटे आराम केला." (काकू मूळच्या ग्वाल्हेरच्या. त्यांच्या एका वाक्यात शिंदेशाही आणि हिंदी दोन्ही नांदतात.) त्या रोज दुपारी आमच्याकडे येत, आईजवळ बसत, स्वयंपाकघरात पाट्यावर काहीतरी वाटत. मी समजलो चटणी. मी दवाखान्यात जाऊन रांगेतल्या सगळ्यांसमोर डॉक्टरांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, तुमच्या गोळ्यांना तोड नाही. डॉक्टर माझ्याकडे जरा संशयानंच पाहत होते. आईचे गाल भरले, ती लोकरीचं काम घेऊन बसायची, जुनी गाणी गुणगुणायची. मला एकदा 'बाळ्या' म्हणाली, जे ती बाबा गेल्यापासून म्हणाली नव्हती. मला तेवढ्यावरसुद्धा रडू आलं असतं, पण पाहुणे होते, अंगणात.

गणपतीत महाराष्ट्र मंडळानं वादविवाद ठेवला. विषय: 'भांग-गांजावरची बंदी उठवावी काय?' नवा कायदा येऊन दोनेक वर्षं झाली आहेत आणि त्यावर सगळेच तावातावानं बोलतात, वाचलेला कुणीच नाही. अध्यक्ष म्हणून अबकारी खात्याचे निरीक्षक यशवंतराव होते, इंदूरचे, मंद बोलणारे, जाड भुवयांचे. बंदी उठवावी या बाजूनं ड्रॉइंग ऑफिसमधला गोविंद बोलला. पोरगा हुशार आहे, पण केस कापत नाही. त्याचं म्हणणं, ज्या पानाचा सरकारी ठेका भर बाजारात पाटी लावून चालतो, तेच पान कुणाच्या परसात उगवलं तर तो गुन्हा; ज्या देवाला आपण ते वाहतो त्याला आधी अटक करा; दारूची दुकानं उघडी ठेवायची आणि साधूची चिलीम विझवायची, हा कुठला न्याय? आणि शिवाय दुखण्याला आपल्या आज्या-पणज्या हेच देत होत्या. लोक हसले, टाळ्याही पडल्या.

मग मी उठलो. मी म्हटलं, तपासणी खात्यात आम्हाला रोज कोणीतरी म्हणतं, साब, केसभरच तर मोठं आहे, जाऊ द्या. आज केसभर सोडलं की उद्या बोटभर येतं, परवा ते यंत्र कुणाच्या तरी डोक्यावर पडतं. नशेचं तसंच आहे. पान सोडलं की कळी येते, कळी सोडली की चरसाची राळ येते, आणि मग पोरगं येत नाही, त्याचं प्रेत येतं. आजीच्या औषधाचं निमित्त हे नेहमीचंच. दुखणं आजीचं आणि डोळे नातवाचे लाल! (हे वाक्य मला आयत्या वेळी सुचलं.) आणि घरात ज्यानं हे झाड लावलं, मग तो कुणीही असो, त्याच्यावर पहिली कारवाई व्हावी. यावर इतक्या जोरात हशा आणि टाळ्या झाल्या की मी पाणी पिऊन तेच वाक्य परत म्हटलं. मला पहिला क्रमांक मिळाला, आणि तिथल्या तिथं कॉलनीच्या नशाबंदी समितीचं अध्यक्षपदही. समितीच्या पहिल्याच बैठकीत आम्ही बाजारातला भांगेचा ठेका वस्तीपासून लांब हलवावा असा अर्ज केला. सर्वांत वर माझी सही आहे, मोठ्या अक्षरात.

वादविवादाच्या दुसऱ्याच दिवशी यशवंतरावांना मीच चहाला बोलावलं. त्यांनी पोहे खाल्ले, सुलभाचं कौतुक केलं, आणि हात धुवायला मागच्या नळावर गेले. आपण काय बोलवून बसलो हे मला अजूनही ठाऊक नव्हतं. मी टॉवेल घेऊन मागं उभा. यशवंतराव नळ बंद करायचं विसरले. बराच वेळ त्यांनी त्या झाडाकडे खालून वर आणि वरून खाली पाहिलं. मग पाटी वाचली. 'झेंडू, उंच जात' आणि त्याखाली बक्षिसाची चिठ्ठी. त्यांच्या भुवया एकमेकींना भेटल्या. ते पुढे पाऊल टाकणार तोच दारातून आई म्हणाली, "अहो, ओलांडू नका, शिवनिर्माल्याचं आहे ते." आणि भाऊजी, त्या माणसानं चपला काढल्या, झाडाला हात जोडले, आणि मग माझ्याकडे वळून तितक्याच मंद आवाजात सांगितलं की बाळकृष्णराव, हा झेंडू नाही. ठेक्यावरचं नुसतं पान चालतं, कळी चालत नाही, आणि झाड परवान्याशिवाय लावणं तर मुळीच चालत नाही. याला तर आता तुरे धरताहेत. तुम्ही काल जे कारवाईबद्दल म्हणालात ते मी सभेत गंमत म्हणून ऐकलं होतं. अनंत चतुर्दशीला मी बंदोबस्ताला इकडेच आहे, परत चहाला येईन. तेव्हा मला इथं फक्त जास्वंद दिसली पाहिजे.

मी खाली विटेवर बसलो. गेल्या तीन महिन्यांतलं प्रत्येक हसू, प्रत्येक शिट्टी, फोरमनचा तो मोठा श्वास, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं, ठाऊक नव्हतं ते फक्त मला आणि त्या दोन परीक्षकांना! त्याच क्षणी उपटून टाकणार होतो, पण आई आडवी आली. शिवनिर्माल्य उपटून उकिरड्यावर टाकायचं नाही, जाळायचं तर नाहीच. विधिवत पाण्यात सोडायचं. जसं आलं तसं गेलं पाहिजे. आईपुढे अबकारी खातं काय आणि मी काय! (मला तेव्हा वाटलं, म्हातारीची श्रद्धा. ती तेव्हा माझ्याकडे न पाहता बोलत होती, हे आता लक्षात येतं.)

आता ते झाड कॉलनीतून तळ्यापर्यंत न्यायचं कसं? स्कूटरवर मागं धरून बसायला सुलभानं साफ नकार दिला. शेवटी गोविंद धावून आला (वादविवादात हरलेला मनुष्य इतका आनंदी मी पाहिला नव्हता) आणि म्हणाला, काका, मंडळाच्या गणपतीच्या ट्रकवर केळीचे खांब बांधतोच आहोत, त्यातच हे बांधू, हिरव्यात हिरवं. तसंच केलं. अनंत चतुर्दशीला ट्रक निघाला. पुढे लेझीम, मध्ये गणपती, गणपतीच्या उजव्या हाताला केळ, डाव्या हाताला माझा झेंडू, आणि झाडाला धरून नशाबंदी समितीचा अध्यक्ष. पहिल्या चौकापर्यंत ठीक होतं. तिथून पुढं भक्तांची गर्दी का वाढली ते मला कळेना. कामगार वस्तीतले लोक ट्रकवर चढत, गणपतीच्या पाया पडत आणि प्रसाद म्हणून डाव्या बाजूचं पान तोडून घेत. मी नाही म्हणायला तोंड उघडलं की ते 'मोरया' म्हणत. पुढे तर रस्त्याच्या कडेनं 'इधर भी साब, इधर भी' असा पुकारा सुरू झाला. बंदोबस्ताच्या घोळक्यात यशवंतराव उभे होते. त्यांनी त्या वेळी आभाळाकडे पाहून पाऊस येईल का याचा अंदाज घेतला. तळ्यावर पोचलो तेव्हा माझ्या हातात एक सोललेली काठी होती. तिचं मी यथाविधी विसर्जन केलं. ही झाली मनुताईची मिरवणूक.

तर असं सगळं सुरळीत पार पडलं. अंगणात आता फक्त जास्वंद आहे, यशवंतराव येऊन चहा पिऊन गेले, समितीच्या अर्जावर ठेका खरोखरच बाजाराच्या पार टोकाला गेला, आणि कायदा आपल्या जागी आहे. इथं काळजीचं काही कारण नाही. सुलभाचा उभयतांना नमस्कार. मुलांना अनेक आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच, तो जावयाच्या बाजूनंही असू द्यावा.

तुमचा,
बाळकृष्ण

ता. क. काळजीचं कारण नाही असं वर लिहिलं ते पुन्हा वाचलं. ते तपासणीत पास होणार नाही. आईला झोप नाही. विसर्जनानंतर दोन दिवस कशीबशी गेली, मग पुन्हा तेच. गोळ्या त्याच, वेळा त्याच, गुण नाही. मी डॉक्टरांकडे जाऊन भांडणार होतो. तेव्हा विमलकाकूंनी मला अंगणात नेलं (आमच्याकडे सगळी बोलणी तिथंच होतात) आणि सांगितलं. पाट्यावर चटणी नव्हती. श्रावणापासून रोज दुपारी त्या पानांचा लेप बरगडीवर आणि चिमूटभर दुधातून पोटात. ग्वाल्हेरला त्यांच्या आजीनं हेच केलं होतं. मी आईला विचारलं, तू मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तू भाषण पाठ करत होतास रे." आणि मग म्हणाली, "तुझा कायदा बरोबरच आहे, बाळ्या. फक्त तेवढं माझ्या बरगडीला समजावून सांग."

ता. क. २. तेव्हा मुद्द्याचं. ठेक्यावरचं पान कायदेशीर आहे, यशवंतरावांना मी पुन्हा विचारून घेतलं. डॉक्टरांनाही विचारलं, ते म्हणाले, मी लिहून देणार नाही, पण थोडं असेल तर आडवाही येणार नाही. प्रश्न आणायचं कुणी हा आहे. मी गेलो होतो. ठेकेदारानं मला ओळखलं, उठून उभा राहिला, खुर्ची पुसून दिली आणि हात जोडून विचारलं, साब, अब और कितना दूर जाना है? शेजारून लिंबं घेऊन परत आलो. सुलभा गेली तर तिला 'अध्यक्षीणबाई' म्हणतील. काकूंचा मुलगा समितीत आहे. म्हणून भाऊजी, तुमच्या उज्जैनला, जिथं हा पाला देवळापुढं उजेडात मिळतो आणि घेणाऱ्याकडे कुणी वळूनही पाहत नाही, तिथून ठेक्यावरचं नुसतं पान थोडं घेऊन कृपा करून लवकर यावं. बी नसलेलं पाहून घ्यावं. केळीच्या पानात बांधू नये.

ता. क. ३. पत्र पेटीत टाकायला निघालो तर आई खुर्चीत बसलेली, पदर हातानं बरगडीपासून लांब धरून. कुठं चाललास म्हणाली. मी सांगितलं. ती म्हणाली, "पत्र पोचणार, मग ते निघणार. तोवर चार रात्री जातील ना रे?" तिनं मला आयुष्यात काही मागितलेलं मला आठवत नाही. म्हणून पत्र पेटीत टाकत नाही. दुपारच्या बसनं मीच निघतो आहे. पण हे सगळं तुमच्यासमोर बसून मला तोंडानं सांगता येणार नाही. तेव्हा दारात हे तुमच्या हातात देईन आणि तुम्ही वाचेपर्यंत ओट्यावर उभा राहीन. वाचून झालं की भाऊजी, हसायचं ते नंतर हसा. आधी चपला घाला आणि मला तो ठेका दाखवा.